जाळीवरच्या उंदरिणी

अतेमोलको, ६ मार्च २०१८

ताई,

काल दुकानात माझी अब्रू गेली. मी मेणबत्त्या मांडत होते, वाकले, आणि ॲप्रनच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. सासूबाईंनी ते उचललं, दाराकडे उजेडात धरलं आणि साबण घ्यायला आलेल्या बायकांसमोर म्हणाल्या, "अस्सं! म्हणून माझ्या लेआन्द्रोचा पाळणा रिकामा आहे होय!" त्यांना वाटलं, मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आहेत. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "एक नात मातीत पुरलीय मी. दुसरं तू पोटात येऊच देत नाहीस." पाकीट गेलं बाहेरच्या कचऱ्यात. बायका साबण न घेताच गेल्या, गावभर सांगायची घाई ना!

मी रडले नाही. रात्री लेआन्द्रोला म्हटलं, आईला समजावून सांग. तो म्हणाला, "आईला? तूच सांग." असला नवरा.

आता खरं विचारते. ईस्टरनंतर आम्ही पुन्हा बाळाचं बघायचं ठरवलंय. पहिल्या मुलीची कवटी वर मिटलीच नाही, जन्मल्यावर तासाभरात ती गेली, हे मी विसरलेले नाही. तू मला तेव्हा समजावलं होतंस ते सगळं आठवतंय. फोलेट हे जीवनसत्त्व म्हणजे घरात असलेला मका, आणि ते वापरायला लावणारं जनुक म्हणजे तो दळणारी गिरणी. माझी गिरणी आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून मंद आलेली, म्हणून गोळ्यांनी मका जास्त घालायचा. पण ताई, इथे कितीतरी बायकांची गिरणी मंदच असणार. त्यांना होतातच की पोरं. मला त्या गोळ्या घेतल्या की रोज तिची आठवण येते. खरंच एवढ्या लागतात का? तुझ्या प्रयोगशाळेत एवढे उंदीर आहेत, त्यांना विचारून सांग.

फोन करू नकोस. टॉवर अजून बंदच आहे आणि गावातला एकुलता फोन सासूबाईंच्या गल्ल्यावर. त्या स्पीकर लावून बोलतात. चुचोच्या बसबरोबरच पत्र पाठव.

नोएमी

---

पुएब्ला, १२ मार्च २०१८

नोए,

तुझी सासू भेटली असती तर मी तिला आमच्या उंदीरखान्यात एक रात्र कोंडलं असतं. मनाला लावून घेऊ नकोस. नवीन बाटली चुचोबरोबर पाठवते आहे, ट्रंकेत ठेव, ॲप्रनमध्ये नको.

आणि उंदरांना विचारच म्हणतेस, तर ऐक गंमत. आमच्याकडच्या या नव्या उंदरिणींमध्ये तुझंच ते जनुक आहे, पण मंद नाही, पार मोडून टाकलेलं. गिरणीच बंद. त्यावर त्यांच्या खाण्यातून फोलेटही काढून घेतलं, म्हणजे मकाही नाही. डॉक्टर अरिस्मेंदींचा अंदाज होता की पिल्लं पोटातच जातील. मी तर जड मनाने पिंजरे साफ करायला गेले होते. आणि बघते तर काय, गुलाबी, वळवळणारी पिल्लं! सगळ्यांना! एकाचीही पाठ उघडी नाही, डोकं उघडं नाही. डॉक्टर एवढे खूश झाले की सगळ्यांना मोलेचं जेवण घातलं, स्वतःच्या पैशाने, हे लिहून ठेव. ते म्हणतात, शरीराला आणखी एखादी वाट सापडत असणार, आपल्याला ठाऊक नसलेली. जूनमध्ये ग्वादालाहाराच्या परिषदेत ते हेच सांगणार आहेत. मानवजातीने माझं नाव त्या कागदावर शेवटून दुसरं असेल याची नोंद घ्यावी.

बिचाऱ्यांना तारेच्या जाळीवर राहावं लागतं. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून तसे पिंजरे असतात. पण गाभण माद्यांचे पंजे सोलवटतात, मला बघवत नाही. म्हणून मी तमाले गुंडाळून उकडायची मक्याच्या कणसांची सालं धुऊन, वाळवून त्यांना अंथरते. त्यांनी त्याची इतकी सुंदर घरटी केली आहेत! डॉक्टर बघतात आणि न बघितल्यासारखं करतात.

गोळ्या मात्र घेत राहा हं.

तुझी ताई

---

अतेमोलको, २५ मार्च २०१८

ताई,

बाटली मिळाली. रोज घेते आहे, काळजी नको. तुझ्या उंदरिणींचं पत्र दोनदा वाचलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गिरणी नाही, मका नाही, आणि तरी सगळी पिल्लं धडधाकट. मी तर त्या मानाने श्रीमंतच की.

सासूबाई, म्हणजे आमच्या दोन्या पेत्रोनिला, माझ्याशी बोलत नाहीत. ताट मात्र वेळेवर समोर येतं.

तुझी नोए

---

पुएब्ला, ४ मे २०१८

नोए,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या मला एक ओळ पाठव, फक्त एक, "गोळ्या घेते आहे" एवढी. तू घेतेच आहेस हे मला माहीत आहे, तरी पाठव.

मोठा घोटाळा झालाय आणि तो मी केलाय. परवा पिंजऱ्यांसमोर बसून पिल्लांची वजनं करत होते. एक मादी घरट्यात बसून काहीतरी निवांत कुरतडत होती. मला वाटलं सालच खाते आहे. जवळ जाऊन पाहिलं तर लेंडी. स्वतःची. सालांवर पडलेली. मी शेजारच्या पिंजऱ्यात पाहिलं, तिथेही तेच.

नोए, उंदरांच्या आतड्यातले जंतू फोलेट तयार करतात. ते लेंडीतून बाहेर पडतं आणि उंदीर लेंडी खाऊन ते परत मिळवतात. म्हणून तर जाळी असते! लेंडी खाली पडावी, तोंडाला लागू नये म्हणून! उंदीर सांभाळणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मलाही शिकवलं होतं. आणि मी त्यांचे पंजे दुखतात म्हणून जाळीवर सालं अंथरली, लेंड्यांसाठी जणू ताटच मांडून दिलं. त्यांना फोलेट मिळत होतं, सगळा वेळ, आमच्या डोळ्यांदेखत. कुठली दुसरी वाट न् काय! मीच वाढत होते त्यांना.

डॉक्टरांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, "ओतिलिया, तू मला हे परिषदेनंतर सांगितलं असतंस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं." म्हणजे आत्ताही केलेलं नाही, पण कामावरून काढलं नाही. परिषदेतून नाव मागे घेतलंय. सालं काढून नव्या माद्यांवर सगळं पुन्हा सुरू केलंय.

मी मार्चमध्ये ज्या उत्साहाने तुला ते पत्र लिहिलं, त्याची मला लाज वाटते. त्यातली एकही गोष्ट खरी धरू नकोस. एक ओळ पाठव.

तुझी ताई

---

अतेमोलको, २१ मे २०१८

ताई,

घाटात दरड कोसळली होती. चुचोची बस दोन आठवडे आलीच नाही, तुझं पत्र काल हातात पडलं.

एक ओळ मागितलीस ना? मी गोळ्या घेत नाही. एकही घेतली नाही. बाटली ट्रंकेत तशीच आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही. मी खोटं लिहिलं. तुझं उंदरिणींचं पत्र वाचलं आणि वाटलं, सुटले. आता रोज सकाळी तिचं तोंड आठवायला नको.

आणि मला दिवस गेलेत. एप्रिल पूर्ण कोरा गेला, मेसुद्धा चाललाय. दहा तारखेला मातृदिनाला इथे दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला सासूबाई एक गुलाब देतात. मला दिला नाही. दुपारी मी कबरस्तानात गेले तर पहिलीच्या कबरीच्या दगडावर तो ठेवलेला होता. मला वाटलं, आता सांगावं त्यांना. पण घरी आले तर त्या वजनकाटा पुसत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. मग राहिलंच.

काल तुझं पत्र वाचताना मी दुकानातच होते. गिऱ्हाईकाला सोडून मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, तर त्यांनी विचारलं, "कोण मेलं?" मी सगळं सांगून टाकलं. गोळ्या कसल्या होत्या, बाळ, उंदीर, सगळं. त्यांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं. भर दुपारी, ताई, गिऱ्हाईक उभं असताना.

गोळी काल संध्याकाळी घेतली. उशीर झाला का? खरं सांग. मी मागे खोटं बोलले, तू बोलू नकोस.

नोए

---

पुएब्ला, २५ मे २०१८

नोए,

गोळी घे. रोज, न चुकता, मोठी मात्रा, तीच बाटली. पालेभाजी खा, घेवडा खा. अल्कोहोलचा थेंब नको. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेसिउतलानला जाऊन सोनोग्राफी करून घे, मी इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी लिहून घेतली आहे, सोबत जोडते. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. तुझा आवाज स्पीकरवरून सगळ्या दुकानाला ऐकू आला असता आणि माझाही.

उशीर झाला का, याचं उत्तर सोनोग्राफीच देईल. माझ्यावर विश्वास ठेव. खूप रागावले आहे तुझ्यावर. त्याहून जास्त स्वतःवर. एवढं हुशार म्हणवून घेते आणि आनंदाच्या भरात बहिणीला काय लिहावं हे कळू नये!

ताई

---

अतेमोलको, १० जून २०१८

ताई,

तू मोठी चलाख आहेस. घेवडा, पालेभाजी, चिठ्ठी, सगळं लिहिलंस आणि मी विचारलं तेच सोडलंस. मी इथल्या नर्सला विचारलं. डोकं आणि पाठ पहिल्या महिन्यातच मिटतात ना? बाईला कळायच्याही आधी. म्हणजे तुझं दुसरं पत्र पोचलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता एवढंच सांग, सालं काढल्यावर उंदरिणींचं काय झालं? उंदीर तीन आठवड्यांत वितात हे तूच मला सांगितलं आहेस. एव्हाना व्यालेल्या असणार. तू त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, यावरून मी काय समजायचं?

सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघत असतात. रात्री कूस बदलली तरी पलीकडून विचारतात, "काय होतंय?" त्यांची झोप उडालीय. लेआन्द्रो म्हणतो, आई पहिल्या वेळी अशी नव्हती.

उत्तर दे.

नोएमी

---

पुएब्ला, १५ जून २०१८

नोए,

चार दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. तू मागितलंस म्हणून सांगते.

पिल्लं वाचली नाहीत. ज्यांचं जनुक मोडलेलं होतं आणि खाण्यात फोलेट नव्हतं आणि खाली सालं नव्हती, त्यांची जवळपास सगळी पिल्लं गेली. काही पोटातच विरली. जन्मली त्यांतल्या काहींची पाठ उघडी होती. ज्यांचं जनुक शाबूत होतं त्यांनी त्याच कोरड्या खाण्यावर बरीच पिल्लं जगवली. आणि मोडलेल्या जनुकाच्या ज्या माद्यांना आम्ही फोलेट पोटभर दिलं, त्यांचीही बरीच जगली. म्हणजे ते जनुक कशासाठी आहे हे आता अगदी लख्ख दिसतंय. भरल्या घरात गिरणी मंद असली तरी निभतं. टंचाई आली की तिच्यावरच जीव असतो. डॉक्टर म्हणतात, हे आधीच्यापेक्षा मोठं काम आहे. मी पिल्लं उचलून बरणीत ठेवत होते आणि ते मागे उभे राहून असं म्हणाले. मी बरणीचं झाकण लावलं आणि बाहेर गेले.

पण नोए, तू उंदीर नाहीस. तुझं जनुक मोडलेलं नाही, मंद आहे. तुझ्या घरात घेवडा शिजतो, पाला शिजतो. तू उपाशी नव्हतीस. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. पण मंद गिरणी आणि नुसतं घरचं खाणं असतानाच पहिली गेली, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. मला यापुढचं माहीत नाही.

सोनोग्राफीला मी येते. तारीख कळव.

ताई

---

अतेमोलको, ८ जुलै २०१८

ताई, ताई, ताई!

तुझी वाट बघायला हवी होती, पण तारीख अचानक मिळाली आणि सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच जायचं." दुकान बंद करून त्या माझ्याबरोबर आल्या. बसमध्ये सगळा घाट माझं मनगट धरून होत्या, वळ उठलेत बघ अजून.

डोकं आहे! गोल, बंद, पूर्ण! डॉक्टरने पडद्यावर बोट फिरवून दाखवलं, ही कवटी, हा मणका, वरून खालपर्यंत मिटलेला. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्याने पुन्हा दाखवलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "डोक्याचा वरचा भाग पण?" तो म्हणाला, "वरचा पण, आजी." तर त्या मट्‌कन जमिनीवर बसल्या. नर्सने उठवलं, पाणी दिलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता तू रागावलीस तरी बोलणार. त्या महिन्यात माझ्या पोटात एक गोळी गेली नव्हती, आणि बाळ ठणठणीत आहे! तुझ्या उंदरिणींची पहिली गोष्टच खरी होती म्हणायची. मी काल दुकानात सगळ्यांना सांगितलं. आमच्या मावशी-माम्यांनी कुठे घेतल्या होत्या गोळ्या? पुढच्या वेळी बघूच. आत्ता ही बाटली संपवते, तुझ्यासाठी.

ताई, मी आज पोटभर जेवले आणि झोपले. किती दिवसांनी.

तुझी नोए

---

अतेमोलको, १६ जुलै २०१८

ओतिलियाबाई,

मी पेत्रोनिला, नोएमीची सासू. तुमचा माझा कधी पत्रव्यवहार नाही. पत्ता तिच्या पाकिटावरून घेतला. तिला हे ठाऊक नाही.

मी गोळ्या कचऱ्यात टाकल्या ते तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. दुकान बंद करताना ते पाकीट मी परत काढलं आणि सकाळी दवाखान्यातल्या नर्सला दाखवलं. म्हटलं, ही कसली? ती म्हणाली, "या बाळाचं डोकं मिटायला देतात, दोन्या. तुमच्या सुनेला तर हव्याच." मी तिथेच बाकावर बसून राहिले. पहिलीला मातीत ठेवताना मी सगळ्यांसमोर बोलले होते की हिच्या माहेरच्या रक्तात खोट आहे. आणि आता औषध माझ्याच हाताने फेकलं होतं, तेही सगळ्यांसमोर.

तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुकानात ज्या तोंडाने ओरडले त्याच तोंडाने माफी मागायची, ते मला जमलं नाही. तुम्ही पाठवलेली बाटली आली ते मी पाहिलं. वाटलं, झालं, आता घेईल. नंतर तिच्या ट्रंकेत हात घातला, होय, घातला. सील तसंच होतं. काही दिवसांनी पुन्हा पाहिलं, तसंच.

मग मी दवाखान्यातून माझ्या नावावर गोळ्या आणल्या. नर्सने तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. रोज सकाळी एक खलात कुटायची आणि तिच्या आतोलेत घालायची. नर्स म्हणाली होती उकळत्यात घालू नका, म्हणून मक्याची ती पेज कोमट होईपर्यंत मी थांबायचे आणि मग ढवळायचे. वर दालचिनी टाकायची, चव कळू नये म्हणून. ईस्टरच्या आधीपासून सुरू केलं ते तिने स्वतः बाटली फोडली त्या संध्याकाळपर्यंत. एक सकाळ चुकवली नाही. तापात होते तेव्हाही उठले. ती पेज अर्धी टाकायची कधी कधी, तेव्हा मी दारात उभी राहून म्हणायचे, "अन्नाचा माज आलाय का?" तिला वाटायचं मी भांडते आहे.

त्या दुपारी तिने सगळं सांगितलं तेव्हाही तोंड उघडलं नाही. वाटलं, मी घातलं ते पुरलं नसेल तर? कमी पडलं असेल, उष्णतेने गेलं असेल. मग सांगून काय उपयोग, दोनदा दोषी ठरायचं. म्हणून शटर ओढलं आणि आत जाऊन बसले. सोनोग्राफीपर्यंत मी कशी जगले ते मला विचारू नका.

आता ती दुकानात उभी राहून बायकांना सांगते की मला गोळी लागली नाही. खूश आहे, मी काय बोलणार? पण परवा गावातल्या एलोइसाची सून, तिला तिसरा महिना लागायचाय, ती दवाखान्यातून मिळालेलं गोळ्यांचं पाकीट आमच्या गल्ल्यावर ठेवून गेली. म्हणाली, नोएमीला नाही लागल्या तर मला कशाला? मी तिच्या घरी जाऊन पाकीट तिच्या हातात दिलं आणि समोर बसून एक गिळायला लावली. कारण विचारलं तर म्हटलं, म्हातारी आहे, ऐक.

पण सुनेचं काय करू? तिला आणखी एक हवंय. पुढच्या खेपेला मी असेन नसेन. ती म्हणते तुम्ही ती सालं स्वतः अंथरली होतीत आणि स्वतःच जाऊन डॉक्टरांना सांगितलंत. तुमच्यात ती हिंमत आहे. माझ्यात नाही, एवढं वय झालं तरी नाही आली. तुम्ही तिला लिहा. सगळं लिहा, मी ट्रंक उघडली तेही लिहा. ती रागावेल, रागवावं तिने, विचारल्याशिवाय तिच्या पोटात औषध घातलं मी.

फक्त असं लिहा की माझ्या हातचं खाणं ती बंद करणार नाही.

पेत्रोनिला